पोतारलेली भिंत

आण्णासाहेबांनी एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन ओढ्यात पाय घातला, आणि पाणी किती गार आहे ते लगेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माघाची सकाळ होती. सडकेवर मोटारीतून उतरल्यापासून ते फारसं बोलले नव्हते. त्यांच्यामागून लुगड्याचा काठ वर धरून येणाऱ्या प्रेमाबाई मात्र उतरल्यापासून थांबल्या नव्हत्या.

"भिंत पाहिलीत म्हणजे तुमच्या लक्षात येईल," त्या म्हणाल्या. "मी तोंडानं सांगून उपयोग नाही."

"सोलापुरापासून तोंडानंच सांगताय की," आण्णासाहेब म्हणाले आणि एका दगडावर नीट तोल सांभाळून उभे राहिले.

प्रेमाबाई हसल्या. आण्णासाहेब मिशनच्या शाळांचे तपासनीस. लढाई सुरू झाल्यापासून परदेशातून येणारी मदत आटली होती आणि निजामाच्या मुलखातल्या मिशनच्या खेड्यातल्या शाळांपैकी दोन बंद करायच्या असं सोलापुरात ठरलं होतं. कोणत्या दोन, ते आण्णासाहेब सांगणार होते. रविवारी प्रभुभोजनासाठी प्रेमाबाई सोलापूरला गेल्या होत्या, तेव्हा त्यांना कळलं की सोमवारी साहेब त्यांच्याच शाळेवर यायचे आहेत. गावाकडे निघालेल्या एका माणसाबरोबर त्यांनी पोरांना तसा निरोप धाडला, आणि सकाळची मोटार दोघांनी मिळूनच धरली. अणदूर ओलांडलं की सडकेपासून आत अर्ध्या कोसावर हे गाव.

"पाढे कुठवर आलेत?" ओढ्यापलीकडे बूट चढवत आण्णासाहेबांनी विचारलं.

"बारापर्यंत. दोघाचौघांना पंधरापर्यंत येतात."

"मागच्या वर्षीही बाराच होते."

प्रेमाबाईंनी लुगड्याचा ओला काठ पिळला.

"बाई, माझं चित्रांशी वैर नाही. गाण्याशीही नाही. पण कचेरीतला कागद उर्दूत, सावकाराचा मोडीत. आपण शिकवलेल्या पोराला कागदावरचा आकडा वाचता आला नाही, तर तोही बापासारखा अंगठाच उठवणार. चित्र काढून अंगठा वाचत नाही."

हे म्हणणं खोटं नव्हतं, आणि प्रेमाबाईंची खरी अडचण हीच होती. खोटं बोलणाऱ्या माणसाशी त्यांना चांगलं भांडता येत असे.

"तुम्ही एकदा भिंत पाहा," त्या पुन्हा म्हणाल्या.

ती भिंत गेल्या पावसाळ्यात सुरू झाली होती. शाळा म्हणजे गावातले व्यापारी गुरुसिद्धप्पा यांचा जुना गोठा. वर माळवद, खाली माती, एक खिडकी. प्रेमाबाई आल्या तेव्हा गुरुसिद्धप्पांनी तो भाडं न घेता दिला होता. एका दुपारी बाईंनी मुलांना जगाच्या उत्पत्तीची गोष्ट सांगितली. देवानं उजेड केला, पाणी वेगळं केलं, झाडं उगवली, जनावरं केली, आणि दर वेळी केलेलं पाहिलं आणि म्हणाला, चांगलं आहे. "पोरांनो," बाई म्हणाल्या, "देवसुद्धा पाहिल्याशिवाय चांगलं म्हणत नाही. मग आपण कसं म्हणायचं?" त्या दिवसापासून शाळेत पाहण्याचा तास सुरू झाला. ज्याला जे आवडेल ते त्यानं दिवसभर पाहायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं, आणि त्यात चांगलं काय आहे ते उभं राहून सांगायचं. नुसतं 'छान आहे' म्हटलेलं चालायचं नाही.

लढाईमुळं कागद मिळेनासा झाला होता. म्हणून पश्चिमेची भिंत घेतली. कोळसा, गेरू, हळद, चुना आणि घेवड्याच्या पाल्याचा रस, एवढ्यावर जग तयार होऊ लागलं. धनगराच्या नागूनं कोकराचा कान काढला. बिभीषणानं विंचू काढला तेव्हा मोठं भांडण लागलं. विंचू कसा चांगला असेल? देवानं तो चुकून केला असणार, असं निम्म्या वर्गाचं म्हणणं पडलं. बिभीषण शांतपणे म्हणाला, "विंचवीण समदी पोरं पाठीवर घिऊन हिंडती, बाई. एक बी खाली पडू देत न्हाय." विंचू राहिला.

बाकीचे तासही असेच. इतिहास सुरू झाला तो तेर गावच्या नदीकाठी सापडलेल्या एका मातीच्या मण्यापासून. कुणीतरी हा मणी केला, कुणीतरी ओवला, कुण्या लेकीनं गळ्यात घातला. आपल्याला तिचं नाव माहीत नाही, देवाला माहीत आहे, असं सांगून बाई हजार वर्षं मागं जात. दाविदाचं स्तोत्र त्या जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणायला शिकवत. या सगळ्यात पाढे मागं पडत, हे त्यांना कळत होतं. कळूनही वळत नव्हतं.

गावात ख्रिस्ती अशा त्या एकट्याच. कुणी बाप्तिस्मा मागितला नव्हता, त्यांनीही कुणाला गळ घातली नव्हती. पोरगं शिव्या कमी देतं, थोरामोठ्यांना उलटून बोलत नाही, एवढ्यावर आईबाप खूश होते. बाईंना मान होता. पण बाईंचे आजोबा अशाच एका गावाच्या वेशीबाहेर राहत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी बोलून दाखवत नसे. बायका पोराला सोडायला आल्या की अंगणातल्या लिंबाखाली थांबत, शाळेत पाऊल टाकत नसत. संक्रांतीला गुरुसिद्धप्पांची बायको शिवम्मा स्वतः तिळगूळ घेऊन आली होती, हसून दोन शब्द बोलली होती, आणि तिळगूळ तिनं बाईंच्या ओंजळीत वरून सोडला होता. प्रेमाबाईंनी तो गोड मानून खाल्ला. अशा गोष्टींवर कुढत बसल्या असत्या तर त्यांना शिकवायला वेळच उरला नसता.

लिंबाखाली आज पोरं ओळीनं उभी होती. केसांना तेल, सदऱ्यांना गुंड्या, आणि एकाच्याही तोंडातून आवाज नाही. ही शिस्त पाहून आण्णासाहेबांनी मान डोलावली. प्रेमाबाईंना मात्र धस्स झालं. ही पोरं ताप आल्याशिवाय इतकी गप्प राहत नसत. शिवम्माचा वीरभद्र तर खाली मान घालून उभा होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

तेवढ्यात शाळेच्या दारातून शिवम्मा बाहेर आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पांढऱ्या मातीनं भरलेले. तिच्यामागं नागूची आई बानूबाई, हातात बादली आणि पोतेरं. आणखी दोघीजणी आतून डोकावत होत्या. ओल्या मातीचा आणि शेणाचा वास अंगणात पसरला होता.

"आलात का बाई? बगा तरी आत येऊन!" शिवम्मा म्हणाली. तिचा चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता. "पाव्हणं यायचंय म्हणलं पोरानं. तवा म्या समद्यास्नी म्हणलं, चला गं, तुमी न्हाईत तंवर उरकून टाकू."

प्रेमाबाई आत गेल्या. जमीन सारवलेली होती, अजून ओली. आणि पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र पोतारलेली होती. तिच्यावर बोटांचे अर्धगोल ओळीनं उमटले होते, घरच्या भिंतीवर निगुतीनं काढतात तसे. बाकी काही नव्हतं.

"काय ती भित झाली व्हती, बाई!" शिवम्मा दारातून सांगत होती. "कोळसा काय, हळद काय, नुसत्या रेघोट्या. पोरांनी बरबटून ठिवलेली. सायबानं बगितलं असतं तर म्हणला असता, ह्या गावात बायका हायत का न्हायत?"

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. या भागात भिंतीवर चित्र काढतात ते सणापुरतं. पंचमीला नाग काढायचा, पोळ्याला बैल काढायचे, आणि सण सरला की वरून हात फिरवायचा. जुनं चित्र भिंतीवर तसंच राहिलं तर त्या घरची बाई एक तर आजारी किंवा आळशी, असं शेजारपाजार समजतो. पाहुणा येणार असेल तर विचारायलाच नको. प्रेमाबाईंची आईसुद्धा हेच करत आली होती. निरोप धाडताना भिंतीला हात लावू नका म्हणावं, एवढं साधं त्यांना सुचलं नव्हतं.

पहिल्यांदा त्यांना आला तो राग. चांगला सणसणीत. सहा-सात महिने पोरांनी पाहिलेलं जग या चार बायकांनी एका सकाळीत पुसून टाकलं होतं, आणि वर हसत होत्या.

"शाळा बंद करणार म्हन्त्यात, खरं हाय का वो?" बानूबाईनं हळूच विचारलं. "आमची नागू राती जेवली न्हाय. म्हणून म्हणलं, सायबाला जागा नेटकी दिसली तर मन फिरंल त्येचं."

प्रेमाबाईंनी वळून दोघींकडे पाहिलं. शिवम्माच्या हातावरची माती वाळून पांढरी पडायला लागली होती. तिच्या लुगड्याला गुडघ्यांपाशी दोन ओले डाग होते. म्हणजे ही बाई पहाटेपासून या जमिनीवर गुडघे टेकून होती. गुरुसिद्धप्पांच्या घरची लक्ष्मी, जिच्या घरी सारवायला गडीमाणसं होती, ती एका ख्रिस्ती मास्तरणीच्या खोलीत शेणामातीत हात घालून बसली होती. बाईंचा राग जिथं होता तिथंच विरघळला. आपला स्वर्गातला बाप काय देतो आणि कोणत्या हातांनी देतो, हे माणसाला आधी कधीच कळत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"लई कष्ट घेतलेत," त्या शिवम्माच्याच बोलीत म्हणाल्या. "उपकार झाले तुमचे."

"उपकार कसलं, बाई! पोरं आमचीच हायत की."

आण्णासाहेब बूट काढून आत आले. त्यांनी खोलीवर नजर फिरवली. खिडकी, फळा, कोपऱ्यातला पाण्याचा डेरा. मग चारही भिंती एकेक करून पाहिल्या.

"बाई, ती भिंत कुठाय?"

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, ह्यांना कळलं नाही, ह्यांनी अजाणता पुसली, असं म्हटलं की आण्णासाहेबांनी समजून घेतलं असतं. ते कडक होते, दुष्ट नव्हते. पण बायका दारातच उभ्या होत्या.

"सायेब, हितंच व्हती," बिभीषण मागून ओरडला, "पर वीरभद्राच्या आयनं..."

"बिभीषण!" प्रेमाबाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलत नसत. मग आण्णासाहेबांकडे वळून म्हणाल्या, "इथंच होती. आज घरच्या बायकांनी पोतारली."

"घरच्या?"

"हो."

आण्णासाहेबांनी दाराकडे पाहिलं आणि मातीनं भरलेले हात पाहिले. शिवम्माचं हसू मात्र मावळलं. तिनं बाईंकडे पाहिलं, वीरभद्राकडे पाहिलं.

"म्हंजी सायबाला तीच दावायची व्हती का काय?" तिनं विचारलं.

वीरभद्रानं मान आणखीच खाली घातली.

"आगं बया," बानूबाई पुटपुटली. "कराय गेलो काय अन् वर झालं पाय."

"आत या," प्रेमाबाई म्हणाल्या. "दारात का उभ्या? बसा. पोरांची तपासणी बघा."

बायका एकमेकींकडे पाहत आत आल्या आणि दाराजवळ अंग चोरून बसल्या. शाळा भरलेली असताना त्या आत बसल्या होत्या ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तपासणी काही बरी झाली नाही. बारापर्यंत सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. तेराला पांगापांग झाली आणि चौदाचा पाढा बिभीषण एकटाच म्हणत राहिला, तोही स्वतःच्या मनचा. वाचन ठीक. शुद्धलेखनात आण्णासाहेबांनी तीनदा नाक मुरडलं. मग पोरांनी स्तोत्र म्हटलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, ओवीच्या चालीत. चाल ओळखीची निघाल्यावर बानूबाईची मान आपोआप हलायला लागली. दुसऱ्या कडव्याला ती नकळत गुणगुणली आणि लाजून पदर तोंडाला लावला. आण्णासाहेबांनी तिकडे पाहिलं, पण त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. गाणं संपलं तसं त्यांनी पिशवीचा बंद ओढला. प्रेमाबाईंना वाटलं, संपलं.

आण्णासाहेब उठले ते दाराकडे न जाता पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले. त्यांनी ओल्या मातीवर तळवा टेकला.

"काय होतं इथं?" त्यांनी पोरांना विचारलं.

पोरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

नागू उठली. ती सगळ्यांत लहान. भिंतीच्या खालच्या अंगाला, तिचा हात पोचेल तिथं, तिनं पंजा ठेवला. "हितं कोकराचा कान व्हता."

"बरं. त्यात चांगलं काय?"

"थंडीत आपली बोटं गारठली, तर त्यो धरायचा. ऊन ऊन लागतो."

"हितं विंचू व्हता, सायेब," बिभीषण तिच्या शेजारी येऊन म्हणाला.

आण्णासाहेबांच्या भुवया वर गेल्या. "विंचू चांगला?"

बिभीषणानं विंचविणीचं सगळं सांगितलं, हातवारे करून सांगितलं, पाठीवर पोरं कशी दाटीवाटीनं बसतात तेही वाकून दाखवलं. मग कुणाला उठायला सांगायची गरज उरली नाही. एकेक पोरगं उठत होतं, भिंतीवर आपली जागा शोधत होतं आणि हात ठेवत होतं. कुणाची करडईची बोंडं होती, काट्यांसकट. कुणाची आंधळी आजी होती, जिला पावलांवरून माणूस कळत असे. एका पोराचं पाणी होतं, नुसतं पाणी. ते कसं काढलं असं विचारल्यावर तो म्हणाला, काठ काढले की पाणी आपोआप येतं. कुणी अडखळलं नाही. पाहिलेलं होतं, त्यामुळं पाठ करावं लागलं नव्हतं.

वीरभद्र एकटा बसून होता.

"तुझं काय होतं रे?" आण्णासाहेबांनी विचारलं.

त्यानं आईकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मग उठला, भिंतीच्या बरोबर मध्यावर गेला आणि दोन्ही तळवे टेकले. "हात व्हते," तो म्हणाला.

"कुणाचे?"

"आयचे."

शिवम्मानं दचकून वर पाहिलं.

"आणि त्यात चांगलं काय?"

"ती तव्यावरची भाकर हातानंच उलथती," तो भिंतीकडेच तोंड करून म्हणाला. "चटकं बसत्यात. आमी जेवाय बसलो की ती करतच ऱ्हाती. हात मागं घेत न्हाय."

शिवम्मानं आपले हात पदराखालून बाहेर काढले आणि उलटसुलट करून पाहिले. वाळलेल्या मातीला भेगा पडल्या होत्या.

"माझंच हात," ती म्हणाली. "अन् म्याच पुसलं."

तिनं तोंड फिरवलं. प्रेमाबाई तिच्या शेजारी जाऊन ओल्या जमिनीवर बसल्या. "पुन्हा काढील तो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बघितलंत ना, त्याला विसर पडलेला नाही. पुसलं ते नुसतं कोळशाचं होतं."

आण्णासाहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन बूट घातले. दुपारची मोटार त्यांना धरायची होती. प्रेमाबाई त्यांना पोचवायला ओढ्यापर्यंत गेल्या. काठावर आल्यावर आण्णासाहेब बूट काढायला दगडावर बसले, पण एकच बूट काढून तसेच बसून राहिले.

"त्या बायकांना सारवायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"हात काढणाऱ्या पोराची आई, ती गोठा दिलेल्या शेठच्या घरची ना?"

"हो."

"कळंबच्या बाजारात आमची आई दाणे घ्यायला जायची," आण्णासाहेब म्हणाले. "पदर पसरून उभी राहायची. दुकानदार वरून माप ओतायचा, सांडलं तर आम्ही पोरं वेचायचो. मला वाटायचं, सगळीकडे असंच घेतात." त्यांनी दुसरा बूट काढला. "तुमच्या पोरांनी पाढे म्हणून दाखवले असते तर मी खूश होऊन गेलो असतो. शेठच्या घरचे हात आपल्या शाळेच्या शेणामातीत, हे मला कुठं पाहायला मिळालं असतं? शाळा राहील, बाई. समितीशी मी बोलतो."

प्रेमाबाईंनी हात जोडले, ते आण्णासाहेबांना जोडले की आणखी वर, ते आण्णासाहेबांनी विचारलं नाही.

"पण वीसपर्यंत पाढे पाहिजेत," पाण्यात पाय घालत ते म्हणाले. "मी गंमत करत नाही."

"होतील."

"आणि तो विंचू." ओढ्याच्या मधोमध ते थांबले. "लहानपणी मला चावलाय. रात्रभर बोंबललो होतो. तिच्या पाठीवर पोरं होती का, हे बघायचं काही सुचलं नाही." हे बोलून ते पहिल्यांदा मोकळे हसले, आणि छत्री वर धरून पलीकडे गेले.

परत येताना प्रेमाबाई वाटेत दोनदा थांबल्या. शेतात ज्वारीची कणसं भरली होती, कडेच्या बोरीवर पाखरं भांडत होती. त्यांना सगळ्याचे आभार मानावेसे वाटत होते आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी शिवम्मापासून सुरुवात केली, मग बानूबाई, मग बाकीच्या त्या दोघी. घरच्या बायका, असं आपण म्हणालो ते कसं तोंडात आलं याचं त्यांना नवल वाटत होतं. तोपर्यंत त्यांच्या मनात तसं काही नव्हतं.

लिंबाखाली शिवम्मा उभी होती. हात धुतलेले, लुगडं मात्र तेच. पोरंही घरी गेली नव्हती.

"ऱ्हायली का शाळा?" तिनं लांबूनच विचारलं.

"राहिली."

पोरांनी एकच गिल्ला केला. शिवम्मानं डोळे मिटून गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि कपाळाशी नेला. मग म्हणाली, "चला, बाई."

"कुठं?"

"आमच्या घरला. भित दावते. ही आता वली हाय, वाळायला लई दिस जात्याल. तवर पोरांनी काय करावं?"

ती पुढं चालायलाही लागली. प्रेमाबाई मागं, आणि त्यांच्यामागं सगळी शाळा. गल्लीत लोक दारात येऊन पाहू लागले. गुरुसिद्धप्पांच्या घरापाशी आल्यावर शिवम्मा पायऱ्या चढून सोप्यात गेली. प्रेमाबाई खालच्या पायरीपाशी थांबल्या. कधी काही निरोप असला की त्या तिथूनच बोलत. वर सोप्यात तक्क्याला टेकून, पाय लांब पसरून गुरुसिद्धप्पा बसले होते. त्यांच्या मागची भिंत चांगली ऐसपैस होती.

"छान आहे," प्रेमाबाई पायरीपासूनच म्हणाल्या. "उजेडही भरपूर येतो. पोरांना आवडेल."

शिवम्मा तोवर सोपा ओलांडून माजघराच्या दारात पोचली होती. ती वळली.

"ही न्हवं, बाई," ती म्हणाली. "सोप्यात काय, कुणीबी येतं."

तिचं माहेर कानडी मुलखातल्या आळंदकडचं. घरात ती कानडी बोलायची, नवऱ्याशी, पोरांशी, चुलीशीसुद्धा, बाहेरच्यांशी मराठी. आता ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली, दाराची कड धरून, आणि जेवायला उशीर झालेल्या आपल्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली, "बर्री, वळगं बर्री."

आत या, एवढाच त्याचा अर्थ. गुरुसिद्धप्पांनी बायकोकडे पाहिलं. मग पायरीशी उभ्या असलेल्या प्रेमाबाईंकडे पाहिलं, आणि वाटेत आडवे पसरलेले आपले पाय जवळ ओढून घेतले.